खुले केल्याने त्रैमासिक बुडत नाही

आमच्या मराठी संशोधन त्रैमासिकाचे अंक इंटरनेटवर सर्वांना मोफत वाचता यावेत, असा ठराव संपादक मंडळापुढे आहे. त्याला विरोध करणारे सविस्तर टिपण मंडळातल्या एका ज्येष्ठ सरांनी सभासदांना पाठवले आहे. सरांनी या त्रैमासिकासाठी आयुष्यातली कितीतरी वर्षे घातली. मुद्रितशोधनापासून पोस्टात गठ्ठे नेण्यापर्यंत सगळे केले. टिपण त्यांनी काळजीपोटी लिहिले आहे, म्हणून त्याला मोघम उत्तर देऊन चालणार नाही. पण त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान मला चुकीचे वाटते, आणि त्या चुकीची किंमत मोजणारी माणसे मी रोज पाहते. पुण्याच्या वाघोलीतल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे.

सरांचे म्हणणे थोडक्यात असे. अंक फुकट मिळू लागला की वर्गणीदार गळतील. ओपन ॲक्सेसच्या, म्हणजे सर्वांना मोफत खुल्या प्रकाशनाच्या, नावाखाली पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचा सुळसुळाट झाला आहे, त्यांच्या पंगतीला आपण का बसायचे? देशातल्या वाचकांची सोय सरकारने ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेतून केलीच आहे. आणि लेख नेटवर गेला की त्याची चोरी होणारच.

वर्गणीपासून सुरुवात करते, कारण खरी भीती तिथे आहे. आपला जमाखर्च सभासदांनी एकदा शांतपणे पाहावा. वार्षिक वर्गणीतून अंकाची छपाईसुद्धा निघत नाही. आजीव वर्गणीदारांनी फार पूर्वी जी रक्कम एकदाच भरली, तिच्या व्याजात आज त्यांच्या अंकांचा टपालखर्चही भागत नाही. तरी अंक पाठवावाच लागतो आणि तो पाठवलाच पाहिजे, कारण आपण शब्द दिला आहे. बाकीचा भार देणग्या, दोन-चार जाहिराती, मिळेल ते अनुदान आणि फुकट राबणारी माणसे उचलतात. लेखकाला मानधन नाही, परीक्षकाला नाही, संपादकाला नाही. लेखक-परीक्षकांपैकी बहुतेकांचा पगार विद्यापीठ किंवा महाविद्यालय देते, म्हणजे बऱ्याच अंशी करदाता देतो. वर्गणीवर हे त्रैमासिक चालते हे म्हणणे आज खरे नाही, आणि म्हणून वर्गणी वाचवण्यासाठी दार बंद ठेवा हा सल्लाही टिकत नाही.

अंक छापून आल्यावर काय होते ते पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. खाकी कागदाची पट्टी गुंडाळायची, पत्त्याचे लेबल चिकटवायचे, पिनकोडप्रमाणे गठ्ठे बांधायचे, पोस्टात नेऊन द्यायचे. काही आठवड्यांनी त्यातले काही परत येतात. कुणावर ‘पत्ता अपुरा’, कुणावर ‘घर बंद’, कुणावर ‘मयत’. मग रजिस्टरमधले एकेक नाव तांबड्या शाईने खोडायचे. हे वर्गणीदार अंक फुकट मिळू लागला म्हणून गळालेले नाहीत. ते वयाने गेले, आणि त्यांच्या जागी नवे आले नाहीत, कारण नव्या वाचकाला आपण आहोत हेच ठाऊक नाही. पंचविशीतला संशोधक विषय मोबाइलवर शोधतो. तिथे जे दिसत नाही ते त्याच्यापुरते लिहिलेच गेलेले नाही.

यावर सर म्हणतील, हा तर्क झाला, अनुभव कुठे आहे? अनुभव आपल्या मुंबईत आहे, आणि तो वीस वर्षांहून जुना आहे. परळच्या केईएम रुग्णालयाची आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाची स्टाफ सोसायटी १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ काढते. महापालिकेच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ओपीडी आणि शिकवणे सांभाळून चालवलेले हे त्रैमासिक. तेव्हा मोठ्या प्रकाशकाचे पाठबळ नव्हते, अंकाला उशीर होण्याची सगळी कारणे आपल्यासारखीच. या शतकाच्या सुरुवातीला, बुडापेस्टचा ओपन ॲक्सेस जाहीरनामा फेब्रुवारी २००२ मध्ये निघाला त्याच सुमारास, या मंडळींनी आपले अंक नेटवर संपूर्ण खुले केले. वाचकाकडून पैसे नाहीत आणि लेखकाकडूनही नाहीत. छापील अंक मात्र वर्गणीवर चालूच ठेवला. म्हणजे आज आपल्या ठरावात जे आहे, नेमके तेच.

पुढे काय झाले? त्या कामामागे असलेले डॉ. डी. के. साहू, आणि डॉ. नित्या गोगटे व डॉ. संदीप बावडेकर यांनी २००५ मध्ये शिकागोच्या पीअर रिव्ह्यू परिषदेत या जर्नलचा अनुभव मांडला. खुले होण्याच्या कितीतरी आधी छापलेले, कपाटात पडून असलेले लेखसुद्धा खुले झाल्यावर जगभरच्या लेखांत उद्धृत होऊ लागले होते. साहूंनी मुंबईत मेडनो ही प्रकाशनसंस्था काढून भारतातल्या अनेक वैद्यकीय संस्थांची जर्नले याच पद्धतीने चालवली, आणि छापील वर्गणी त्यामुळे घटली नाही हे ते वेळोवेळी सांगत आले. याचे कारण समजण्यासारखे आहे. ग्रंथालय अंक घेते ते कपाटात कायमचा राहावा म्हणून. जुना वर्गणीदार घेतो तो हातात धरून वाचायला आवडतो म्हणून, आणि संस्थेवरच्या लोभापोटी. यांपैकी कुणीही नेटवर पीडीएफ आली म्हणून वर्गणी बंद करत नाही. उलट नेटवर लेख वाचून जर्नल ठाऊक झालेले नवे ग्रंथालय चौकशी करते.

त्याच वर्षांत इंटरनेटही झपाट्याने पसरत होते, हे मला मान्य आहे. संदर्भ वाढल्याचे सगळे श्रेय खुलेपणाला देता येणार नाही. पण सरांचे भाकीत बुडण्याचे आहे. ज्या जर्नलने हे पाऊल आपल्यापेक्षा दोन दशके आधी उचलले, ते बुडाले नाही. निदान या भाकिताला तरी तेवढे उत्तर पुरेसे आहे.

या गोष्टीचा दुसरा भाग सरांनी टिपणात घेतला असता तर त्यांची बाजू अधिक बळकट झाली असती, म्हणून तोही मीच सांगते. मेडनो २०११ मध्ये वोल्टर्स क्लुवर या डच कंपनीने विकत घेतली. मुंबईत उभे राहिलेले घर जागतिक बाजारात गेले. पण यातून निघणारा धडा ‘खुले करू नका’ असा नाही. जर्नलचे नाव, संकेतस्थळाचा पत्ता आणि जुन्या अंकांच्या फाइली कधीही प्रकाशकाच्या ताब्यात देऊ नका, हा तो धडा आहे. बंगळुरूच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने २००७ मध्ये स्प्रिंगरशी करार केला तेव्हा एक गोष्ट सोडली नाही: लेख ॲकॅडमीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मोफतच राहतील. सौदा करायचाच असेल तर तो असा करावा.

आता बोगस जर्नलांविषयी. इथे सरांचा संताप रास्त आहे आणि तो माझाही आहे. माझ्या टेबलावर रोज ईमेल येतात. तीन दिवसांत परीक्षण, पाचव्या दिवशी प्रकाशन, प्रमाणपत्र मोफत, शुल्क अमुक रुपये. तरुण प्राध्यापक विचारायला येतात तेव्हा मी त्यांना अडवते, आणि प्रत्येक वेळी यश येतेच असे नाही. पण ही रोगराई आली कुठून, याचा शोध सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातूनच घेतला गेला आहे. डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास मार्च २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. विद्यापीठांच्या शिफारशीवरून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्यताप्राप्त यादीत शिरलेली १,००९ जर्नले त्यांनी तपासली, आणि त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक प्राथमिक निकषांतही बसली नाहीत. २ मे २०१८ रोजी यूजीसीने ४,३०५ नावे यादीतून काढली. मग पुणे विद्यापीठातल्याच केंद्राच्या मदतीने ‘केअर’ यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद करून निवडीची जबाबदारी पुन्हा संस्थांवर टाकली.

एवढा सगळा घोळ वाचकाला फुकट वाचू दिल्यामुळे झाला का? तो झाला यूजीसीच्या २०१० च्या नियमावलीतल्या गुणांमुळे आणि पीएच.डी.च्या अटीमुळे. बढती हवी तर इतके गुण, गुण हवे तर इतके लेख, पीएच.डी.चा प्रबंध द्यायचा तर आधी लेख छापलेला हवा. ही पीएच.डी.ची अट २०२२ मध्ये गेली, पण तोवर बाजार पक्का बसला होता. वाचकाची गरज नसलेले लेख विकत छापून घेण्याची गरज नियमांनी निर्माण केली आणि दुकानदारांनी ती भागवली. त्यांची कमाई लेखकाच्या खिशातून होते. लेखकाकडून एक रुपयाही न घेणारे जर्नल त्या धंद्यात शिरूच शकत नाही, कारण तिथे विकायला काही नसते.

सरांच्या नजरेतून निसटलेली गोष्ट आणखी आहे. यूजीसीच्या त्या पहिल्या यादीतली कित्येक जर्नले नेटवर नव्हतीच. ऑफसेटवर छापलेला जाडजूड अंक, मुखपृष्ठावर ठळक आयएसएसएन, आत शंभर लेख. तो अंक लेखकाच्या फाइलीत आणि मुलाखतीच्या टेबलावर यांपलीकडे कुठे जातच नसे. कुणी वाचू शकत नव्हते म्हणूनच ती टिकली. आयएसएसएन हा दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान ग्रंथालयाकडून विनामूल्य मिळणारा नोंदणी क्रमांक आहे. तो दर्जाचा शिक्का नाही, हे अजून कित्येक निवड समित्यांना माहीत नाही. बंद दाराआड बोगसपणा सुखाने नांदतो. आपला लेख चांगला असेल तर तो उजेडात ठेवण्यातच आपला फायदा आहे, आणि वाईट असेल तर तो कुणीतरी आपल्याला दाखवायला हवा.

तिसरा मुद्दा सरकारी योजनेचा. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नले, ६,३०० हून अधिक संस्था. हे छोटे काम नाही आणि गावोगावच्या सरकारी महाविद्यालयांना त्याचा उपयोग होईल, त्याबद्दल मला आनंदच आहे. पण सरांनी ‘देशातल्या वाचकांची सोय झाली’ असे लिहिले आहे, आणि ते वाक्य वाचून मी थांबले. पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्चशिक्षण संस्था व केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यापुरता आहे. खासगी विनाअनुदानित महाविद्यालये त्यात नाहीत.

वाघोलीत याचा अर्थ काय होतो? नगर रस्त्याने चंदननगर-खराडी ओलांडून पुढे आले की दोन्ही अंगांनी अभियांत्रिकी, व्यवस्थापन, औषधनिर्माण महाविद्यालयांच्या पाट्या लागतात. गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. महाविद्यालये त्याच्या पुष्कळ आधीपासून आहेत, आणि ती बहुतेक खासगी आहेत. मराठवाडा, नगर, सोलापूर, खानदेशातून आलेली मुले इथे शिकतात. बापाने शेत गहाण ठेवून फी भरलेली मुले यांत आहेत. ती खासगी महाविद्यालयात आहेत म्हणून श्रीमंत आहेत असे समजायचे कारण नाही.

एक उदाहरण देते. वाघोलीच्या परिसरात दगडखाणी आणि क्रशर आहेत, ते या गावाचे जुने वास्तव आहे. सिव्हिलची मुले दर वर्षी प्रकल्पासाठी नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड किंवा खाणीची भुकटी घालून काँक्रीटचे क्यूब टाकतात. सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी ते मशिनखाली दाबून ताकद पाहतात. भुकटीचे प्रमाण किती ठेवायचे, पाणी किती, बारीक कणांनी काम बिघडते कधी, यावर जगभर भरपूर काम झालेले आहे. मुलगा ग्रंथालयातल्या संगणकावर शीर्षक शोधतो, लेख सापडतो, सारांश दिसतो, आणि खाली लिहिलेले असते: हा लेख वाचण्यासाठी तीस-चाळीस डॉलर. एका लेखाचे तीन हजार रुपये. तो सारांशाचा फोटो काढतो आणि संदर्भसूचीत तो लेख वाचल्यासारखा टाकतो. त्याला अप्रामाणिक म्हणणे सोपे आहे. मला तो प्रसंग आपल्या व्यवस्थेच्या अप्रामाणिकपणाचा वाटतो. लेख फुकट उपलब्ध करून देणाऱ्या साय-हब या अनधिकृत संकेतस्थळाचा आडमार्ग काही जणांना ठाऊक होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ते संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश दिला. कायद्याने ते बरोबर असेल. पण त्या मुलाला वाचायला काय उरले, याचे उत्तर त्या आदेशात नाही, तसेच ते सरांच्या टिपणातही नाही.

शिवाय ही सदस्यता आहे, मालकी नाही. कराराची मुदत संपली आणि नूतनीकरण झाले नाही तर पुढचे दार बंद. आणि त्या तेरा हजार जर्नलांत आपले त्रैमासिक नाही. तेव्हा सरकारी योजनेमुळे आपण खुले होण्याची गरज संपली, या विधानाला मुळात आधारच नाही. जे मराठीत लिहिले गेले ते मराठी वाचकापर्यंत पोचवण्याचे काम ॲम्स्टरडॅमचा किंवा न्यूयॉर्कचा प्रकाशक करणार नाही. ते आपल्यालाच करायचे आहे.

इथे इतिहासाचे उदाहरण घेते, कारण सर इतिहासाचे. शाहू महाराजांच्या काळातले सरदार, थोरल्या बाजीरावांचे ज्येष्ठ सहकारी पिलाजीराव जाधवराव यांची समाधी वाघोलीत आहे. वाघेश्वराच्या देवळाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. इथल्या शाळेतल्या शिक्षकाला त्यांच्याविषयी मुलांना काही खरे सांगायचे असेल तर तो काय वाचेल? मोबाइलवर त्याला मिळतात फॉरवर्ड केलेल्या कथा, सनावळ्या चुकलेल्या, अर्ध्या कल्पित. त्या काळावर अभ्यासकांनी नेटाने लिहिलेले लेख पुण्याच्या संशोधन नियतकालिकांच्या जुन्या अंकांत बांधून ठेवलेले आहेत. ते वाचायला त्याने नोकरीच्या दिवशी सुट्टी काढून सदाशिव पेठेत जायचे, ग्रंथालयाच्या वेळा सांभाळायच्या आणि सूची चाळायच्या. खोटे मोफत आणि खिशात, खरे बंद आणि दूर. मग समाजमाध्यमांवर इतिहासाची नासाडी होते म्हणून आपण परिसंवाद घेतो.

आणि हा लढा पुण्याला नवा नाही. वि. का. राजवाडे गावोगावच्या वाड्यांत दफ्तरांसाठी हिंडले, कागद दाखवायला तयार नसलेल्या घराण्यांशी झगडले, आणि जे मिळाले ते १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेत छापत गेले. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते याच ध्यासातून. पेशवे दफ्तर पुण्यात असूनही सरकारने ते दीर्घकाळ अभ्यासकांना मोकळेपणी पाहू दिले नाही. इनाम-वतनांचे दावे आणि राजकीय गैरसोय यांची धास्ती होती. गो. स. सरदेसाईंनी त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत निघाले, तेव्हा मराठ्यांच्या इतिहासलेखनाचा पाया रुंदावला. कागद लोकांसमोर आले की त्यांचा गैरवापर होईल, ही सबब त्या वेळी सरकार देत असे आणि आपले पूर्वसूरी तिच्यावर तुटून पडत. आज तीच सबब आपण आपल्याच लेखांसाठी वापरतो आहोत. राजवाड्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी तरी ती वापरू नये.

याच सबबीचे आजचे रूप म्हणजे चोरीची भीती. तिला फार वेळ द्यायला नको. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’वर जाऊ लागले, आज तिथे पाच लाखांहून अधिक प्रबंध कुणालाही वाचता येतात. त्या वेळीही हीच ओरड झाली होती. घडले ते उलटे. पूर्वी औरंगाबादचा प्रबंध नागपुरात उतरवला तर कुणाला कळत नसे, कारण दोन्ही प्रती आपापल्या कपाटात होत्या. आता मजकूर समोर असल्याने चोरी पकडली जाते. छापील अंकातला लेख टंकून घेणाऱ्याला आपले बंद दार अडवत नाही. ते फक्त त्याला पकडू शकणाऱ्याला अडवते.

सरांच्या टिपणात एक प्रश्न मात्र असा आहे की ज्याचे उत्तर ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्या आम्ही अजून नीट दिलेले नाही. खर्च कोण करणार? जगात ओपन ॲक्सेसच्या नावाने जे सगळ्यात मोठे दुकान उघडले आहे ते लेखकाकडून शुल्क घेणारे आहे. ‘नेचर’ने २०२० मध्ये एका खुल्या लेखासाठी ९,५०० युरो दर जाहीर केला. त्या वेळच्या भावाने आठ लाख रुपयांहून जास्त. वाचकासमोरची भिंत काढून ती लेखकासमोर उभी करणे, याला मी सुधारणा म्हणणार नाही. कोल्हापूरच्या किंवा नांदेडच्या अभ्यासकाला ज्या दारातून वाचायला मिळते, त्याच दारातून लिहायलाही मिळाले पाहिजे.

पण हा एकच मार्ग नाही. ब्राझीलमध्ये १९९७ पासून सार्वजनिक पैशावर उभ्या राहिलेल्या ‘सायेलो’ने लॅटिन अमेरिकेतली शेकडो स्पॅनिश-पोर्तुगीज जर्नले खुली केली; तिथे त्यांतली बरीच विद्यापीठांच्या खर्चाने चालतात. ‘डीओएजे’ या खुल्या जर्नलांच्या सूचीत आज वीस हजारांहून अधिक नावे आहेत आणि त्यांतली निम्म्याहून जास्त लेखकाकडून काहीच घेत नाहीत. आपल्याकडेही मराठी विश्वकोश सर्वांना नेटवर मोफत वाचता येतो, राज्य मराठी विकास संस्थेने जुनी दुर्मीळ पुस्तके खुली केली आहेत. म्हणजे मराठीतले ज्ञान सार्वजनिक खर्चाने खुले ठेवायचे, हे तत्त्व महाराष्ट्राने मान्य केलेलेच आहे.

आपला प्रत्यक्ष खर्च पाहू. लेख स्वीकारण्यापासून परीक्षकाकडे पाठवणे, दुरुस्त्या, अंक लावणे, हे सगळे करणारी ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ ही प्रणाली कॅनडातल्या विद्यापीठीय प्रकल्पाने तयार केली आणि ती मोफत आहे. तिच्यासाठी सर्व्हरवर जागा लागते, तीही फार नाही. प्रत्येक लेखाला डीओआय हा कायमचा क्रमांक घ्यायचा तर वर्षाला साधारण पंधरा ते पंचवीस हजार रुपये. हे आपण आज परत येणाऱ्या आणि न वाचल्या जाणाऱ्या अंकांवर घालवतोच. खरी अडचण पैशाची नाही, माणसाची आहे. फाइली नीट नावाने ठेवणारा, लेखाचा सारांश आणि संदर्भ वेळेवर चढवणारा, मराठी अक्षरे पीडीएफमध्ये शोधता येतील असा युनिकोड फाँट वापरायचा आग्रह धरणारा एक माणूस हवा. जुन्या फाँटमध्ये लावलेला अंक डोळ्यांना दिसतो, पण त्यातला शब्द शोधला तर सापडत नाही. तो खुला असूनही बंदच. हे काम एखाद्या उत्साही विद्यार्थ्याच्या गळ्यात मारून चालणार नाही. त्याला पगार द्यावा लागेल, अर्धवेळ का होईना. सरांनी त्यांचा सगळा जोर या मागणीवर लावला तर मी त्यांच्या शेजारी उभी राहीन.

म्हणून ठरावाला मी तीन दुरुस्त्या सुचवते. पहिली, लेखकाकडून कोणत्याही नावाखाली पैसे घेतले जाणार नाहीत, हे वाक्य संस्थेच्या घटनेत लिहावे. पुढच्या मंडळाला ते सहज बदलता येऊ नये. दुसरी, संकेतस्थळाचा पत्ता आणि सगळ्या अंकांच्या मूळ फाइली संस्थेच्या नावावर राहाव्यात, आणि त्यांची एक प्रत पुण्याबाहेरच्या एखाद्या ग्रंथालयात ठेवावी.

तिसरी जुन्या अंकांविषयी आहे आणि ती सर्वांत किचकट आहे. आपण लेखकांकडून कधी लेखी हक्क घेतले नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ते हक्क लेखकाकडे, आणि त्याच्या निधनानंतर साठ वर्षे वारसांकडे राहतात. सगळ्यांना पत्रे पाठवून उत्तरांची वाट पाहत बसलो तर एकही अंक चढणार नाही. तेव्हा येत्या अंकापासून प्रत्येक लेखकाकडून परवाना सहीनिशी घ्यावा. हयात लेखकांना आणि माहीत असलेल्या वारसांना एक पानाचे संमतिपत्र पाठवावे. ज्यांचा थांगपत्ता नाही त्यांची नावे अंकात आणि संकेतस्थळावर जाहीर करावीत, आणि कुणी हरकत घेतली तर लेख त्याच दिवशी उतरवावा. संमतिपत्रांचा पहिला मसुदा सरांनी लिहावा, ही विनंती मी मंडळापुढे रीतसर मांडणार आहे. आपल्या जुन्या लेखकांपैकी कोण कुठे आहे आणि कुणाच्या घरी कुणाशी बोलावे, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कुणालाही ठाऊक नाही.